न चाखणारा आचारी

होशिमचा उजवा खांदा आखडला नसता, तर तो रिनातच्या जिमची पायरी जन्मात चढला नसता. होशिम हा उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमधला लग्नाकार्याचा आचारी. वडिलांच्या मागे त्यांच्या कढया, लांब दांड्यांचे झारे आणि अर्ध्या शहराची गिऱ्हाइकं त्याच्याकडे आली होती. बर्फ वितळलं की लग्नं सुरू व्हायची ती पुन्हा थंडी पडेपर्यंत. शेकडो माणसांचा पुलाव झाऱ्याने तळापासून वर घ्यायचा, तोही आठवड्यातून तीन-चारदा. मग खांदा कुरकुरणारच. दवाखान्यातल्या बाईंनी मलम दिलं. मलमाचा वास शर्टाला लागला, खांदा मात्र होता तसाच राहिला. शेवटी त्याचा खाटीक मित्र एर्किन म्हणाला, "रिनात-अकांकडे जाऊन ये. ते नुसता हात लावून सांगतात कुठे काय अडलंय."

रिनात हा साठी ओलांडलेला तातार. तरुणपणी वजनं उचलायचा, आता जुन्या कापसाच्या गोदामात जिम चालवायचा. पांढरी मिशी, बोलणं मोजकं. त्याने होशिमला शर्ट काढायला लावला, पाठीवर दोन्ही अंगठे फिरवले आणि मग फिरवतच राहिला.

"काय झालं, अका?" होशिम घाबरला. "काही वाईट आहे का?"

"कोपरं मागे घे. अजून. आता थांब." रिनातने व्यायाम करणाऱ्यांना हाक मारली. "इकडे या रे. याला म्हणतात पाठ."

"कुठाय?" त्यातला एक म्हणाला. "नुसती चरबी दिसतेय."

"चरबीच्या खाली. हात लावून बघ." मग तो होशिमला म्हणाला, "इतकी वर्षं झारा मारलास, त्याने केलंय हे. ही माणसं माझ्या यंत्रांवर बसून म्हातारी होतील, तरी यांना अशी पाठ यायची नाही. खांदा मी बरा करतो. तू पोट उतरव आणि शरदात फर्गानाला चल. नवख्यांची शरीरसौष्ठव स्पर्धा आहे. पहिल्यांदाच मंचावर उभं राहणाऱ्यांची."

होशिमला लोक शाळेपासून 'कढई' म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही, कारण कढई म्हणावं असाच त्याचा घेर होता. पण आपल्या अंगात काही बघण्यासारखं आहे, असं अडतीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो लांबच्या रस्त्याने घरी गेला. दार लावून शर्ट काढला आणि बायकोला, ओयदिनला, म्हणाला, "नीट बघ, माझ्या पाठीवर काही दिसतंय?"

"घामोळं," ओयदिन म्हणाली.

"त्याच्या खाली?"

"अहो, खाली कसं दिसेल मला?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो खोलीभर फिरत होता, कोपरं मागे घेऊन दाखवत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ओयदिनने त्याला असा कधी पाहिलाच नव्हता. ती हसली नाही. "खायचं काय मग?" एवढंच तिने विचारलं.

खायचं काय, ते रिनातने तोंडीच सांगितलं होतं. उकडलेली कोंबडीची छाती, अंड्यातलं पांढरं, कुट्टू, काकडी, साय काढलेल्या दुधाचा चक्का. नान बंद. साखर बंद, खरबूज बंद, द्राक्षं बंद. मेंढीच्या शेपटीची चरबी, जिच्याशिवाय मर्गिलानमध्ये कढई चुलीवर चढत नाही, तिचं तर नावही घ्यायचं नाही.

"आणि पुलाव?" होशिमने विचारलं होतं.

"पुलाव तू करायचास," रिनात म्हणाला होता. "खाणारे पुष्कळ आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तरखानाच्या चादरीवर आईने, सोलिहाबाईंनी, नेहमीसारखा नान मोडून पहिला तुकडा त्याच्यापुढे ठेवला. होशिमने तो हळूच आपल्या मुलींकडे सरकवला.

"ताप आहे का?" आईने विचारलं.

"नाही ओयी. नान बंद केलाय."

"बंद केलाय म्हणजे? नान काय नळ आहे बंद करायला?"

"शरदापर्यंतच. स्पर्धा आहे."

"कसली? उपाशी राहायची?"

ओयदिनने त्याच्यापुढे उकडलेली कोंबडी ठेवली. मीठ नाही, कांदा नाही, तेलाचा थेंब नाही. सोलिहाबाईंनी ताटलीत वाकून पाहिलं. "आजारी मांजराला पण आपण असं देत नाही," त्या म्हणाल्या आणि आपला चहा घेऊन अंगणातल्या लाकडी बाजेवर जाऊन बसल्या. तीन दिवस त्या ओयदिनशी नीट बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या लेखी नवऱ्याला उपाशी ठेवणारी तीच होती.

होशिमला मात्र या सगळ्यात विलक्षण मजा येऊ लागली. त्याने बाजारातल्या मसालेवाल्याकडून लहान तराजू आणला आणि कोंबडीचा एकेक तुकडा त्यात जोखून घेऊ लागला. लग्नघरात शंभरजण पुलावावर तुटून पडलेले असायचे, तेव्हा हा कढईमागे बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा आणि डब्यातली गार कोंबडी चावत राहायचा. लोक खाता खाता ओरडून विचारायचे, "होशिम-अका, पुलावात असं काय घातलंत, की तुम्ही स्वतः शिवत नाही?" आणि तो त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचा.

कारण अंग बदलत होतं. आधी अंगठी सैल झाली. मग पट्ट्याला नवं भोक पाडायला तो चांभाराकडे गेला, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा गेला तेव्हा चांभार म्हणाला, "आता नवा पट्टाच घ्या, हा चाळणी व्हायला लागलाय." पिठाच्या गिरणीतल्या वजनकाट्यावर तो येता-जाता उभा राहायचा, गिरणीवाला पोती बाजूला करून त्याला जागा द्यायचा. एकदा न्हाव्याच्या आरशात त्याला गळ्याखाली काहीतरी आडवं दिसलं.

"हे काय आलंय?" त्याने दचकून विचारलं.

"हाड," न्हावी म्हणाला. "गळ्याचं."

"आधी होतं?"

"सगळ्यांना असतं, होशिम-अका."

त्या दिवसभर तो भेटेल त्याला शर्टाचं बटण सोडून ते हाड दाखवत होता. एर्किनच्या दुकानात जाऊन त्याने मनगटावरची शीरही दाखवली. एर्किनने सुरी खाली ठेवून ती बघितली आणि म्हणाला, "छान आहे. आता पाव किलो चरबी घेऊन जा, ती पण छान आहे." होशिम दोन्ही हात वर करून दुकानाबाहेर पळाला.

जिममध्ये तो सगळ्यांच्या आधी यायचा. रिनात सांगेल त्याच्यापेक्षा जास्तच करायचा. नवा माणूस जसा दीक्षा घेतल्यासारखा नियम पाळतो, तसं त्याचं झालं होतं. रिनातने चक्का चालेल म्हटलं, तर हा त्यातलं राहिलंसाहिलं लोणीही फडक्याने टिपून काढायचा. आणि इथेच घोळ सुरू झाला.

पुलावाचा सगळा जीव त्या रश्श्यात असतो. मांस, कांदा, गाजर शिजून रस्सा तयार झाला, की तांदूळ घालायच्या आधी आचाऱ्याने तो चाखायचा. रस्सा जरा खारटच हवा, कारण तांदूळ मीठ पितो. एकदा तांदूळ पडला, की मग कुणाच्याच हातात काही उरत नाही. होशिमच्या वडिलांनी त्याला बाकी काही शिकवायच्या आधी हा एक चमचा शिकवला होता. तो चमचा त्याने बंद केला.

"एका चमच्याने काही होत नाही," रिनातने त्याला सांगितलं.

"तुम्हाला होत नसेल, अका. मी एका चमच्यावर थांबणाऱ्यातला असतो, तर माझं हे पोट झालंच नसतं."

"मग चाखून थुंक."

"अन्न थुंकू?" होशिमने कानांना हात लावला. "आमची ओयी मला घरात घेईल का?"

त्याने नाकावर आणि डोळ्यांवर काम सुरू केलं. वाफेचा वास घ्यायचा, रश्श्याचा रंग बघायचा, मीठ हाताच्या अंदाजाने सोडायचं. पहिल्या काही कार्यांत सगळं बरोबर उतरलं. मग तो जिममध्ये सांगू लागला, की मला आता चाखायची गरजच उरलेली नाही.

ऑगस्टच्या उन्हात शेजारच्या म्हाताऱ्या सुताराच्या, तुर्दी-ओतांच्या, नातवाच्या सुंतेचं जेवण होतं. कढई अंगणात, वर सावली नाही, आणि होशिमच्या पोटात सकाळपासून अंड्याचं पांढरं तेवढं गेलेलं. डोकं हलकं झालं होतं. त्याने रश्श्यात मीठ सोडलं, जाळ कमी करायला खाली वाकला, उठून उभा राहिला, घाम पुसला आणि पुन्हा मीठ सोडलं. दोनदा सोडलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पुलाव वाढला गेला. कुणी काही बोललं नाही. मोहल्ल्यातली माणसं दुसऱ्याच्या दस्तरखानावर नावं ठेवत नाहीत. फक्त चहा मागू लागली. एक किटली, दुसरी किटली, मग किटल्यांची रांग. समोवारवाल्याची धावपळ होशिम कढईमागून बघत होता आणि ऊन आहे म्हणून लोकांना तहान लागलीये असं समजत होता. मग मोठ्या माणसांनी हात वर करून दुवा मागितला, सगळे उठले आणि ताटं परत येऊ लागली. अर्धी भरलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पुलावाची ताटं अर्धी भरून परत आली होती. त्याने बोटाने दोन शितं उचलली, जिभेला लावली आणि तिथेच बादलीवर बसला.

तुर्दी-ओता त्याच्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होशिमजान, उन्हाळा फार आहे. घाम जातो. माणसाच्या अंगाला मीठ लागतंच."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

बातमी पसरायला संध्याकाळही लागली नाही. आठवडाभरात कुद्रत हाजी स्वतः घरी आले. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न सप्टेंबरच्या अखेरीला ठरलं होतं. मोहल्ल्यातलं सगळ्यात मोठं कार्य होतं ते, आणि आचारी म्हणून होशिमचंच नाव धरलेलं होतं. त्यांनी चहा घेतला, मुलींची चौकशी केली, सोलिहाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाले, "बेटा, तू बारीक हो, जाडा हो, तुझा प्रश्न. पण माझ्या कढईत कुणीतरी चमचा घालून बघितलंच पाहिजे. तुला जमत नसेल तर मोकळेपणी सांग. मी दुसरा आचारी बघतो, राग नाही."

ते गेल्यावर होशिम बाजेच्या कडेला बसून नखाने लाकूड खरवडत होता. एवढ्या दिवसांचा उत्साह कुठे गेला कुणास ठाऊक. समोर दस्तरखानावर हाजींसाठी काढलेला ताजा नान होता, त्यावरचे तीळ चकाकत होते. त्याने नानकडे बघितलं. ओयदिनने त्याच्याकडे बघितलं.

"मी चाखते," ती म्हणाली.

"काय?"

"रस्सा. तुम्ही करा, मी चाखते."

"पुरुषांच्या अंगणात? कढईपाशी? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणताहेत ते ऐकलंत ना? त्याच्यापेक्षा वाईट काय म्हणणार आहेत?"

होशिमने आईकडे पाहिलं. ती आता सुनेला झापणार, असं त्याला वाटलं. पण सोलिहाबाई पेला फिरवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या कढईतलं मीठ कोण बघायचं, माहितीये का तुला?"

"बाबाच बघायचे की."

"तुझा बाप दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. त्याच्या जिभेला काय कळणार? मागच्या दाराने वाटी यायची माझ्याकडे. मी चाखून निरोप पाठवायची, मूठभर टाक नाहीतर गप्प बस." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण वाटी येईपर्यंत रस्सा निवतो आणि निवला की मीठ वेगळं लागतं. ओयदिन, तू सरळ कढईपाशीच उभी राहा. मी लाजले, तू लाजू नकोस."

ओयदिनशी तीन दिवस न बोलणारी सासू ती हीच. ओयदिनने तिचा पेला पुन्हा भरला, आणि होशिम उठून आत गेला, तराजू काढला आणि कोंबडी जोखू लागला. नान तसाच राहिला.

हाजींच्या लग्नाच्या दिवशी उजाडायच्या बेताला होशिमच्या दोन सगळ्यात मोठ्या कढया अंगणात चढल्या होत्या. ओयदिनने रुमाल मागे घट्ट बांधला होता, बाह्या वर केल्या होत्या. पाहुणे अजून यायचे होते, पण मोहल्ल्यातले म्हातारे लवकर येऊन बाजांवर जागा धरून बसलेच होते.

"काय रे होशिम," त्यातले एक म्हणाले, "बायकोला राखणीला ठेवलंस का?"

"हो ओता. माझ्या तोंडावर."

म्हातारे हसले आणि हसल्यावर मग त्यांना विशेष काही बोलता येईना. ओयदिनने चमचा बुडवला, फुंकर घातली, चाखलं. पुन्हा चाखलं.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "गाजर उतरलं नाही अजून."

"उतरलंय. रंग बघ."

"रंग तुम्ही बघा. मी खातेय ना. गोडी आली नाही रश्श्यात."

"तांदूळ भिजून तयार आहे, ओयदिन. पाहुणे दारात येतील."

"मग मला आणलंत कशाला?"

होशिमने झारा कढईच्या काठावर आपटला, पण तांदूळ टाकला नाही. जाळ कमी केला आणि उभा राहिला. बाहेर लांब कर्ण्यांचा आवाज सुरू झाला, म्हणजे पाहुणे येऊ लागले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ओयदिन शांतपणे रश्श्याकडे बघत होती. मग तिने पुन्हा एक चमचा चाखला आणि म्हणाली, "हां. आता घाला."

त्या दिवशीच्या ताटांत एक शीत उरलं नाही. लोक बोटांनी ताट पुसून काढत होते. एर्किनने तर रिकामं ताट उचलून होशिमला लांबून दाखवलं आणि परत खाली ठेवलं. मग कुद्रत हाजींनी होशिमला हाक मारली. तो हात पुसत गेला. बाजेवर सगळे जाणते बसले होते. हाजींनी शेवटच्या ताटातून पुलाव बोटांनी चेपून घास केला, वर मांसाचा तुकडा आणि चरबीची लहानशी फोड ठेवली, आणि स्वतःच्या हाताने तो होशिमच्या तोंडाशी धरला.

असा घास वडीलधारा माणूस ज्याला मानतो त्यालाच भरवतो. सगळे बघत होते. होशिमला स्पर्धा आठवली, फर्गाना आठवलं, रिनातची मिशी आठवली. त्या दोन शितांखेरीज एवढ्या आठवड्यांत त्याच्या जिभेला तेलाचा थेंब लागला नव्हता. पण समोरचा हात म्हाताऱ्या माणसाचा होता. होशिमने तोंड उघडलं.

चरबी जिभेवर विरघळली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तांदूळ, गाजर, जिरं, आणि खाली तो मंद गोडवा, ज्याच्यासाठी ओयदिनने त्याला थांबवलं होतं. तिचं बरोबर होतं.

"बस ना, बस," बाजेवरच्यांनी त्याला जागा केली. "ताट आण रे त्याच्यासाठी."

ताट आलं. वाफ येत होती. होशिमने ताटाकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, मान लववली आणि म्हणाला, "हाजी, तुमच्या हातचा घास झाला, माझं पोट भरलं." आणि तो वळून चालू लागला. कढईमागे ओयदिन चमचे गोळा करत होती. त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "खाल्लंत?"

"एक घास."

"आणि मग?"

"मग थांबलो." तो खुळ्यासारखा हसत होता. "ओयदिन, ताट समोर होतं आणि मी थांबलो. मला थांबता येतं."

पदार्थ वाढायचा मोठा चमचा तिच्या हातात होता, त्याने तिने त्याच्या दंडावर हलकेच थाप मारली.

संध्याकाळी त्याने रिनातला सगळं सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं मान खाली घालून. रिनातने ऐकून घेतलं. "आज कुट्टू खाऊ नकोस," तो म्हणाला. "आणि जा, बैठका मार." एवढ्यावर विषय संपला. होशिमला वाटलं, उगाच आपण त्या एका चमच्याला इतके दिवस भ्यालो.

स्पर्धेच्या दिवशी मोहल्ल्यातून मिनीबस निघाली. एर्किन होता, तुर्दी-ओता होते, कुद्रत हाजीसुद्धा पांढरा सदरा घालून पुढच्या सीटवर बसले होते. सोलिहाबाई आधी येणारच नव्हत्या. "चड्डीवर? परक्या माणसांसमोर?" असं त्या आठवडाभर म्हणत होत्या. बस सुरू झाली तेव्हा मात्र त्या ओयदिनच्या शेजारी बसलेल्या होत्या आणि कुणी त्यांना काही विचारलं नाही.

पडद्यामागे रिनात भिंतीला रंग द्यायच्या रोलरने होशिमला तपकिरी रंग फासत होता. आदल्या दिवसापासून पाणीही घोटभरच दिलेलं. होशिमचे ओठ सुकले होते आणि डोळे लकाकत होते. सोबतची मुलं विशी-पंचविशीतली, दंड फुगवून आरशापुढे उभी.

"घाबरलास?" रिनातने विचारलं.

"नाही अका. कधी एकदा पुढे जातो असं झालंय."

नाव पुकारलं. दिव्यांचा झोत अंगावर आला आणि होशिम सगळं विसरला. समोरून उभं राहायचं तेव्हा हसायचं असतं, ते विसरला. पोट आत घ्यायचं ते विसरला, पण आता आत घ्यायला फारसं उरलंच नव्हतं. इतर मुलांच्या छात्या त्याच्यापेक्षा भरलेल्या होत्या. पंचांनी त्याच्याकडे एकदा बघून नजर पुढे नेली. खाली मर्गिलानच्या रांगेतही शांतता होती.

मग पंच म्हणाले, "पाठ इकडे करा."

रांग वळली. होशिमने श्वास घेतला, मुठी कमरेवर टेकवल्या आणि रिनातने शिकवल्याप्रमाणे कोपरं हळूहळू बाहेर उघडली. सभागृहात कुणीतरी "अरे" म्हणालं. पाठ उघडत गेली, खांद्यापासून कमरेपर्यंत, एकेक पीळ वेगळा होऊन वर येत गेला. वीस वर्षांचे पुलाव त्या पाठीवर होते. एर्किन उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडला, "मार झारा, होशिम-अका!" मग मर्गिलानची सगळी रांग उठली, हाजीसुद्धा उठले, आणि दुसऱ्या गावची माणसंही टाळ्या वाजवू लागली. पंचांनी सगळ्यांना पुन्हा एकदा पाठ दाखवायला लावली. होशिमला काही दिसत नव्हतं, समोर फक्त काळा पडदा होता, पण आवाज ऐकू येत होता आणि आता तो हसत होता, कुणालाच दिसत नसताना, कानापासून कानापर्यंत.

सोलिहाबाईंनी रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला होता आणि त्याच्या कडेखालून त्या बघत होत्या.

"हा आपला होशिम?"

"हो ओयी."

"एवढं सगळं त्या कोंबडीने?"

होशिमचा तिसरा नंबर आला. पहिल्या दोघांच्या मांड्या बघितल्यावर त्यालाही ते पटलं. त्याच्या गळ्यातलं पदक प्रत्येकाने हातात घेऊन जोखून बघितलं. रिनातने पाठीवर थाप मारली, तेव्हा त्याचा पंजा तपकिरी झाला. "पाय," तो म्हणाला. "आचारी उभा राहतो, वाकत नाही. तुझे पाय झोपलेत. वसंतात पुन्हा स्पर्धा आहे."

"वसंतात कधी?" होशिमने लगेच विचारलं.

बसमध्ये त्याने आईच्या हातचा नान खाल्ला. दोन तुकडे, सावकाश चावून, आणि उरलेला एर्किनला दिला. ओयदिन खिडकीशी बसून कुद्रत हाजींच्या मागे बसलेल्या त्यांच्या बायकोशी काहीतरी कुजबुजत होती. होशिमला वाटलं, त्याच्याच पाठीचं कौतुक चाललंय. ते त्याच्याबद्दल नव्हतंच. हाजींच्या घरी नव्या सुनेला बघायला सगळ्या मोहल्ल्यातल्या बायका येणार होत्या, आणि त्या दिवशीचा पुलाव ओयदिनने करावा, एकटीने, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. गाजराची गोष्ट बायकांत पोचली होती.

"मी?" घरी येऊन ओयदिनने होशिमला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "मला चाखता येतं, पण कढई कधी चढवली नाही."

"झारा माझा घे, हलका असलेला," होशिम म्हणाला. "तांदूळ घातलास की हात लावू नकोस. बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

बायकांच्या जेवणाच्या सकाळी होशिमने मधली कढई पाठीवर बांधली आणि गल्लीतून निघाला. ओयदिन पुढे, हातात झारा धरून. कढईची गाडी त्याच्याकडे होती, पण रिनातने पायांचं सांगितल्यापासून तो काहीही चाकांवरून नेत नव्हता. हाजींच्या दारात त्याने कढई उतरवली, आतल्या अंगणात नेऊन चुलीवर बसवली, जाळ लावून दिला. तेवढ्यात बायका यायला लागल्या आणि कुणीतरी त्याला सरळ सांगितलं, "होशिम-अका, आता तुम्ही निघा."

दार लागलं. तो बाहेर बाकावर बसला. आतून हसण्याचे आवाज येत होते. मग कांद्याचा चुर्र आवाज आला, मग मांसाचा वास. जाळ जरा जास्त झालाय हे त्याला बाहेरून कळलं. तो उठला, दाराशी गेला, हात वर केला आणि तसाच परत फिरला. थोड्या वेळाने वास आपोआप ठीक झाला. ओयदिनने जाळ ओढला असणार. नंतर अंगणात सगळ्या एकदम गप्प झाल्या. म्हणजे चमचा तिच्या तोंडाशी असणार. मग तांदूळ ओतल्याचा आवाज आला आणि पुन्हा हसणं सुरू झालं.

आता पुलाव मुरेपर्यंत वाट बघायची होती. बसून राहणं त्याच्याच्याने होईना. त्याने भिंतीशी उभं राहून पाय फाकवले, हात पुढे केले आणि बैठका काढायला सुरुवात केली. खाली, वर, खाली, वर. गल्लीतून तुर्दी-ओता काठी टेकत येत होते. ते थांबले आणि जमिनीकडे बघू लागले.

"काही पडलंय का रे, होशिमजान?"

"नाही ओता," तो धापा टाकत म्हणाला. "पायांना उठवतोय."

ओतांनी मान हलवली, बाकावर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि आतून येणारा वास घेत त्याच्या बैठका बघत राहिले.